पाथरीतलं एकुलतं एक ज्यू घर

पाथरीत ज्यू राहतात असं ठाण्यात कुणाला सांगितलं, तर तो आधी पाथरी कुठं आहे ते विचारतो. पाथरीच्या वाटेवर कुणाला सांगितलं, तर तो ज्यू म्हणजे काय ते विचारतो. दोन्ही माहीत असलेला माणूस मला अजून भेटायचाय, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव आम्हाला शनिवार तेली म्हणत. प्रार्थना हिब्रूत असली तरी सणांची नावं आमच्या आज्यांनी ठेवलेली आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. मोठ्या उपासाच्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, म्हणून ती दारफाळणी. प्रार्थनेच्या जागेला जुनी माणसं सरळ मशीद म्हणतात. दूध आणि मटण एकत्र चालत नाही, तेव्हा नारळाच्या दुधावर आमचं सगळं भागतं, आणि उत्तम भागतं. मला हे सगळं लहानपणापासून फार आवडत आलंय. एवढ्याशा समाजात लग्न असलं की सगळा गाव गोळा होतो, प्रत्येक जण प्रत्येकाचा चुलत नाहीतर मावस असतो, आणि जेवणात मीठ कमी पडलं तर ती बातमी अलिबागपर्यंत जाते.

आता तो गाव उठून इस्राएलला गेला. आमच्या मशिदीत लग्नाच्या मुलींपेक्षा छताचे पंखे जास्त उरलेत. माझा धाकटा भाऊ दावीद बँकेत नोकरीला, स्वभावानं गोड, डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागलेले. त्याच्यासाठी मुलगी शोधता शोधता आईचे गुडघे गेले. अशात मशिदीतल्या एकानं पाथरीच्या डॉक्टर शमुवेल साळावकरांचं नाव सुचवलं. गुरांचे डॉक्टर, तरुणपणी सरकारी नोकरीत तिकडे गेले ते तिकडेच राहिले. बायको वारलेली, एकच मुलगी, रिबका. बी.एस्सी. झालेली. डॉक्टरांनी निरोप पाठवला होता, "पोर एकटी वाढली आहे. तिला आपली माणसं मिळावीत एवढंच मागणं आहे."

आई, दावीद आणि मी निघालो. आईनं पिशवीत साखरेचा पुडा, नारळ आणि हिरव्या बांगड्या घेतल्या होत्या. पसंत पडली तर तिथल्या तिथे साखर घालून मोकळं व्हायचं असं तिनं ठरवलंच होतं.

*देवगाव फाटा, शुक्रवार*

मनमाडला छोट्या रुळांची गाडी चुकली. चुकली म्हणजे ती समोर उभी होती आणि दावीद वडे आणायला गेला होता. मग औरंगाबादेत मुक्काम आणि शुक्रवारी सकाळी पाथरीची एसटी. जालना गेलं, मंठा गेलं. दोन्ही बाजूंना काळी जमीन, त्यात कापूस आणि उभी ज्वारी. कोकणातल्या माणसाला इतकं आभाळ एकदम बघायची सवय नसते. कुठं टेकायला डोंगर नाही म्हणून मला उगाचच चुकल्याचुकल्यासारखं होत होतं.

शेजारी एक पागोटेवाले गृहस्थ होते. त्यांनी चौकशी सुरू केली.

"कुठली पावनी म्हनायची?"

"ठाण्याची."

"नाव काय म्हनलाव?"

"दावीद."

पागोटं जरा मागं सरलं. "म्हंजी किरिस्ताव का?"

ती वर्षं नामांतराची. विद्यापीठाच्या नावावरून त्या मुलखात घरं जळली होती, माणसं गेली होती, आणि जिथं जाळपोळ झाली नव्हती तिथंही माणूस समोरच्याचं नाव ऐकून आधी त्याची जागा ठरवत होता. आमच्या दावीदला यातलं काही कळलं नाही. त्याला आपल्या धर्माबद्दल कुणी विचारलं की वाढदिवस असल्यासारखा आनंद होतो. त्यानं शनिवार, दारफाळणी, फुटकं गलबत, किनाऱ्याला लागलेले पूर्वज, सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाला, "आणि मुख्य म्हणजे काका, आमच्यात जात नाही. सगळे एकाच पंगतीत."

"जात न्हाई असं कुटं ऱ्हातंय व्हय?" गृहस्थ हसून म्हणाले.

"आमच्यात नाही."

आई खिडकीबाहेर बघत होती.

देवगाव फाट्यावर टायर बसलं. सगळे उतरून टपरीवर गेलो. टपरीत काचेचे ग्लास ओळीनं मांडलेले, आणि बाहेर कुडात खोचलेल्या कान तुटलेल्या दोन-तीन कपबश्या. चहावाल्यानं सहज विचारावं तसं नाव विचारलं. दावीदनं सांगितलं. चहावाल्याचा हात ग्लास आणि कुड यांच्यामध्ये थांबला.

"तेली हायेत, तेली," आमचे पागोटेवाले मागून ओरडले. "कोकनातले. दे आतला."

ग्लासातून चहा आला. चांगला होता, आलं घातलेला. दावीदला या प्रकाराचं इतकं हसू आलं की त्याच्या शर्टावर चहा सांडला. "घाणा बंद होऊन शंभर वर्षं झाली आणि तेल अजून उपयोगी पडतंय," तो म्हणाला. मी त्या कुडाकडं पाहत होते. त्या कपबश्या कुणासाठी ते मी त्याला सांगितलं आणि माझा ग्लास तसाच ठेवला. तो म्हणाला, मास्तरीणबाई, तू प्रवासाला निघालीस तरी शाळा बरोबर घेऊन फिरतेस.

टायर बदलायला वेळ लागला. आईचं सारं लक्ष सूर्याकडं. सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवार, लागणार, मग गाडीत बसायचं नाही. तिनं दोनदा कंडक्टरला हाक मारली, आणि मावळायच्या जरा आधी आम्ही एकदाचे पाथरीत उतरलो.

*पाथरी, शुक्रवार संध्याकाळ*

घर शोधायला लागलं नाही. गुरांचा डॉक्टर म्हटल्यावर स्टँडवरच्या प्रत्येकानं हात करून दाखवलं. बैठं कौलारू घर, पुढं ओटा, फिनेलचा वास, ओट्याला बांधलेली एक आजारी कालवड. चौकटीला उजव्या अंगाला आमच्या प्रत्येक घराला असते तशी मेझुझा, म्हणजे प्रार्थनेची छोटी नळी. ठाण्याहून एवढ्या लांब ती नळी दिसली आणि माझे डोळे भरून आले. आम्ही आत शिरायच्या आधीच डॉक्टरांचे शेजारी माणिकराव आले. मोठे शेतकरी, भरघोस मिशा. त्यांनी जाता जाता नळीला बोट लावून ते कपाळाला लावलं.

"सवय लागली," ते म्हणाले. "डागदर लावतेत, मंग आमी बी लावतो. कायी वाईट झालं न्हाई अजून."

रिबका बाहेर आली. उंच, सावळी, दाट वेणी, बोलायची घाई झालेली. तिनं आईच्या पाया पडून पहिला प्रश्न विचारला, "काकू, हलव्यात चीक किती वेळ आटवायचा? आई गेल्यापासून मी अंदाजानंच करते." गव्हाच्या चिकाचा आणि नारळाच्या दुधाचा हलवा आमच्यात नव्याच्या सणाला करतात. पाथरीत नारळ मारुतीच्या देवळासमोर मिळतो. तिथूनच आणून तिनं हलवा केला होता. आईनं चुलीपाशीच एक वडी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि माझ्याकडं बघून मान हलवली. मला वाटलं, झालं काम. साखरेचा पुडा आता बाहेर येतो.

रिबका माझा हात सोडत नव्हती. मशिदीत बायका कुठं बसतात, मुली मेंदीला काय गातात, दारफाळणीच्या दिवशी तुम्हालाही भूक सहन होत नाही ना? "इथं मी आणि बाबा दोघंच," ती म्हणाली. "गाणं म्हणायला लागलं की दोघंही एकदमच चुकतो, मग बरोबर काय ते सांगायला कुणी नसतं." तिला नवरा कसा आहे याची फारशी पडलेली दिसली नाही. तिला गाणं बरोबर म्हणणारी माणसं हवी होती.

करडईच्या तेलाचा दिवा लागला. आमच्याकडं खोबरेल असतं, इथं करडई पिकते. माणिकराव दाराशी खुर्ची घेऊन बसले, ते दर शुक्रवारी येतात.

"डागदरांचं ते मनुक्याचं पानी लय भारी," त्यांनी मला सांगितलं. कडूशला, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाला, आम्ही दारूऐवजी भिजवलेल्या मनुकांचं पाणी घेतो. "आन शनवारी तालुक्यातल्या म्हशीनं बी आजारी पडायचं न्हाई, डागदर हात लावत न्हाईत. पर मरायलीच असली तर उठतेत बरं का."

सगळे हसलो. डॉक्टर उभे राहिले, पेला उचलला, आशीर्वाद म्हटला. आवाज गोड होता, उच्चार जुन्या कोकणातले.

रीत अशी, की ज्यानं आशीर्वाद म्हटला त्यानं आधी घोट घ्यायचा आणि मग पेला पुढं द्यायचा. डॉक्टरांनी घोट घेतला नाही. त्यांनी पेला दावीदला दिला. दावीदनं आईला, आईनं मला. मी रिबकाला दिला तर ती गोंधळली.

"बाबा, तुम्ही राहिलात ना? दर शुक्रवारी तर तुम्ही आधी घेता."

"पाहुणे आहेत," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मुलीलाही आधी प्यायला लावलं आणि सगळ्यांच्या शेवटी, दिव्याकडं पाठ करून, तळाशी राहिलेलं संपवलं.

"ह्याला म्हनतेत मेमाननवाजी," माणिकराव म्हणाले. मलाही तसंच वाटलं. मग मी आईकडं पाहिलं. आई डॉक्टरांच्या हातातल्या पेल्याकडं बघत होती, आणि तिचा चेहरा मला ओळखता येईना.

जेवायला ज्वारीची भाकरी, तीळकुटाचं भरलं वांगं, अंबाडीची भाजी. आमच्या घरी न होणारं जेवण, दावीदनं तीन भाकऱ्या खाल्ल्या. आईनं अर्धी मोडली. प्रवासाचा शीण, म्हणाली. हलवा पानात तसाच राहिला.

*शनिवार*

सकाळी प्रार्थना झाली. त्या दिवशी काही करायचं नसतं, तेव्हा ओट्यावर बसून येणारी-जाणारी गुरं बघितली. आतल्या खोलीत आईनं डॉक्टरांना समोर बसवून घेतलं. मी उंबऱ्यात होते, सगळं ऐकू येत होतं.

"तुमचे वडील कुठल्या मशिदीत जायचे?"

"खाडीपलीकडच्या."

"कुठं बसायचे?"

डॉक्टरांना वाटलं असतं तर ते पुढं बसायचे म्हणून सांगू शकले असते. इतक्या वर्षांनी कोण बघायला जाणार होतं?

"मागं," ते म्हणाले. "दारापाशी."

"आणि कडूशचा पेला?"

"शेवटी."

आई उठली आणि माझ्या बाजूनं बाहेर निघून गेली. डॉक्टर तिथंच बसून राहिले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आणि सांगताना मला लाज वाटते. आमच्यात गोरे आणि काळे असे दोन असतात. कातडीशी त्याचा संबंध नाही, माझी आई गोरी आहे आणि ती तव्यासारखी काळी आहे. ज्यांच्या मागच्या कुठल्या तरी पिढीत कोकणातली दुसऱ्या जातीची बाई घरात आली, ते काळे. तेही शनिवार पाळतात, तेच उपास धरतात, तीच गाणी म्हणतात. पण त्यांच्याशी सोयरीक करायची नाही, मशिदीत त्यांनी मागं बसायचं, आणि पेला त्यांना गोऱ्यांनंतर. मी समजत होते की हे आजीबरोबर पुरलं गेलं. आईनं ते नीट सांभाळून ठेवलं होतं. डॉक्टरांना आपली माणसं भेटल्याच्या आनंदात लहानपणची शिस्त आठवली आणि हात आपोआप पुढं गेला. त्या पाथरीत दुसऱ्या कुणालाही त्या हाताचा अर्थ लागला नसता.

दुपारी आम्ही तिघं मागच्या अंगणात होतो. मी आईला तिच्या बहिणीची आठवण करून दिली. मावशी इस्राएलला गेली तेव्हा मुलीच्या लग्नाच्या वेळी तिथल्या धर्मगुरूंनी विचारलं होतं, तुझी आई कोण, तिची आई कोण, तुम्ही खरे ज्यू कशावरून? तेव्हा आई आठवडाभर धड जेवली नव्हती. आम्ही दोन हजार वर्षं शनिवार पाळला आणि हे कोण आम्हाला विचारणार, म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं.

"ते वेगळं," आई म्हणाली.

"काय वेगळं?"

"ते आपल्याला विचारत होते."

मी दावीदकडं वळले. कालपासून त्याची नजर रिबकाच्या मागं फिरत होती हे मी पाहिलं होतं. "तू बोल. तुझं लग्न आहे."

त्यानं पायानं माती उकरली. "मुलगी छान आहे गं. पण आईला दुखवून कसं करायचं?"

"बसमध्ये काय सांगत होतास?"

"ते लोकांना सांगायचं असतं," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, डोळ्यांत पाणीही होतं. त्या पाण्याचा मला त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त राग आला. मी त्याला भेकड म्हटलं. आई म्हणाली, शब्बाथच्या दिवशी आवाज चढवू नये.

*रविवार*

सकाळी मलिदा होता. काही मंगल करायचं असलं की आम्ही गोडाचे पोहे, खोबरं, पाच फळं ताटात मांडतो, एलियाहू नबीचं नाव घेतो आणि प्रसाद वाटतो. रिबका पहाटे उठून लागली होती. माणिकरावांच्या घरून सीताफळं, पेरू, केळी, बोरं आली होती, खजूर बाजारातून. ताट देखणं दिसत होतं. रिबकानं जरीची साडी नेसली होती. डॉक्टरांनी तिला अजून काही सांगितलं नव्हतं.

प्रार्थना झाली. रिबकानं पहिली मूठ आईपुढं धरली.

"पोट बरं नाही," आई म्हणाली.

रिबकानं ती मूठ दावीदपुढं नेली. त्यानं चार पोहे उचलले, आईकडं पाहिलं आणि हातातच ठेवले. मी ताटातून बचक भरून खाल्लं आणि पुन्हा घेतलं. पण मी नवरदेवाची बहीण, माझ्या खाण्यानं कुणाचं लग्न ठरत नाही. रिबका हात तसाच पुढं धरून उभी राहिली, मग वडिलांकडं बघून तिनं तो हळूच खाली घेतला.

ओट्यावर माणिकरावांनी मला गाठलं. "ताई, काय बिनसलं? डागदर बोलंना झालेत."

मी सगळं सांगितलं, गोरे, काळे, मागचा बाक, पेला. झाकून कुणाची अब्रू वाचणार होती? ते मिशीवरून हात फिरवत ऐकत राहिले.

"म्हंजी तुमच्यात बी हायच का हे?"

"आहे."

"आन आमी तर पोरांला सांगायचो, डागदरांच्यात बघा, समदे एक." मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. आनंदाचं नव्हतं, पण सुटका झाल्यासारखं होतं. "नामांतराच्या भांडनात डागदरांनी मला लय बोलून घेतलं होतं, बघा. मपल्या घरी गड्याची ताटली येगळी, म्हनून. तवापासून मनाला लागलं होतं. आता जरा बरं वाटायलंय."

मी म्हटलं, "बरं वाटायला नको होतं, माणिकराव."

"व्हय, नको व्हतं," ते म्हणाले. "पर वाटायलंय."

मराठवाड्यात जाऊन आमच्या कुटुंबानं काय काम केलं असं कुणी विचारलं तर ते हे.

दुपारच्या गाडीनं निघालो. साखरेचा पुडा, नारळ, बांगड्या पिशवीत होत्या तशा परत. डॉक्टर आणि रिबका स्टँडवर पोचवायला आले. मी नको म्हटलं होतं, पण पाहुण्याला गाडीत बसवल्याशिवाय ते ऐकेनात. रिबकानं साडी बदलली होती. तिला घरी सगळं कळलं असावं, तिचे डोळे कोरडे होते आणि ती पहिल्या दिवशी इतकं बोलणारी मुलगी आता काहीच विचारत नव्हती. आई आणि दावीद वर चढून बसले. मी खाली थांबले.

"डॉक्टर, मला क्षमा मागायचीही लाज वाटते," मी म्हटलं.

"तुम्ही कशाला?" ते म्हणाले. "चूक माझी. इथं लोकांना मी नक्की कोण ते कळलं नाही, म्हणून तीस वर्षं चांगली गेली. कुणी तेली म्हणालं, कुणी मुसलमान, कुणी आणखी काही. बैलाला सुई टोचताना कुणी विचारलं नाही. पण पोरीला एकदा आपली माणसं दाखवावीत अशी फार इच्छा होती."

"बघितली ना, बाबा," रिबका म्हणाली. "चला आता."

तिनं वडिलांचा दंड धरला. गाडी सुटायला अजून वेळ होता, ड्रायव्हर चहाला गेला होता. ती दोघं वळली आणि स्टँडबाहेर पडेपर्यंत त्यांनी मागं पाहिलं नाही. मी वर चढले. आईनं माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवली होती.